नवं-जुनं

बावीस वर्षांत पहिल्यांदाच २०२५ च्या गुढीपाडव्याला मी गावी होते. बँकेच्या कर्ज खात्यात काम करणाऱ्या माणसाचा मार्च महिना त्याचा नसतो. वसुलीचे आकडे, तरतुदी, लेखापरीक्षकांच्या शंका, रात्री अकरापर्यंत जळणारे दिवे. पाडवा या गर्दीत कुठंतरी यायचा आणि सकाळी घाईघाईनं गॅलरीत उभारलेली गुढी संध्याकाळी उतरवायला घरात कुणी नसायचं. आदल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि ३० मार्चचा पाडवा मोकळा सापडला. परंडा तालुक्यातलं आमचं गाव बार्शीपासून जवळ. शुक्रवारी रात्री पोचले. शनिवारी सकाळी चहा पिता पिता माझे वडील, अण्णा, म्हणाले, "चल, सोसायटीत जाऊन येऊ. उद्या पाडवा, परवा ईद. राहिलं की राहिलंच मग."

सोसायटी ही गावातली पीककर्ज देणारी सहकारी संस्था. तिचं ऑफिस म्हणजे ग्रामपंचायतीला लागून असलेल्या दोन खोल्या. लहानपणी रेशनच्या साखरेसाठी मी त्या पायरीवर तासन् तास बसलेली आहे. तोच वास अजून तिथं आहे, युरियाच्या रिकाम्या पोत्यांचा आणि ओल धरलेल्या रजिस्टरांचा. त्या दिवशी पायरीवर पंधरा-वीस माणसं होती आणि जवळजवळ प्रत्येकाच्या मोबाइलवर एकच आवाज चालू होता. आदल्या दिवशी राज्याच्या अर्थमंत्र्यांनी भर कार्यक्रमात सांगितलं होतं, की आत्ता कर्जमाफी होण्यासारखी परिस्थिती नाही, ३१ तारखेच्या आत पीककर्ज भरून टाका. ऐकणारी माणसं चारच महिन्यांपूर्वी निवडणुकीत कर्जमाफीचा शब्द ऐकून बसलेली. त्या शब्दावर निम्म्या गावानं पैसे भरले नव्हते. कुणी चिडून बोलत होतं, कुणी नुसतंच पुन्हा पुन्हा तो तुकडा लावून ऐकत होतं, जणू दहाव्यांदा ऐकल्यावर तो वेगळं काही सांगेल. शिपायाचा रोजा होता. सगळ्यांना चहा देऊन तो एकटा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

अण्णांनी कापडी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं बंडल काढलं. एक लाख चौसष्ट हजार. गटसचिवासमोर बसून अंगठा ओला करत ते नोटा मोजू लागले. अण्णा शहात्तर वर्षांचे आहेत, बोटं सांध्यांत वाकलेली आहेत, त्यामुळं मोजणं संथ. मध्येच दारातून माझ्या चुलतभावाचा मुलगा म्हणाला, "अण्णा, तुमच्यावाणी मानसं भरत्यात म्हणून आमचं माफ व्हायचं राहतंय. कुणीच भरलं न्हाय तर सरकार काय करंल?" दोघं-तिघं हसले. सचिवानं मान खाली घातली. अण्णांचा आकडा चुकला. त्यांनी सगळ्या नोटा पुन्हा एकत्र केल्या, टेबलावर ठोकून सरळ केल्या आणि पहिल्या नोटेपासून परत मोजायला सुरुवात केली.

ते परत मोजणं माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही.

घरी येताना मी तावातावानं बोलत होते. पोरगं शिकलेलं, सव्वीस वर्षांचं, हातात दीड लाखाची मोटारसायकल, आणि थोरल्या माणसाला असं बोलतं. अण्णांनी उत्तर दिलं नाही. रस्त्याकडेच्या कडुनिंबाला मोहोर आला होता. त्यांनी काठीनं एक फांदी खाली ओढली, उद्याच्या गुढीसाठी डहाळी तोडून माझ्या हातात दिली आणि पुढं चालू लागले. मला वाटत होतं, त्या पोरावर आपण रागावलोय. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, त्याचं वाक्य मला नवीन नव्हतंच. त्याची उलटी बाजू मी बावीस वर्षं नोकरीत लिहीत आले होते. एकाला सूट दिली की दुसरा भरत नाही, असं मी लिहायचे. तो म्हणत होता, एक भरतो म्हणून दुसऱ्याला सूट मिळत नाही. दोघांच्याही म्हणण्यात सूट मागणारा माणूस एकच होता, आणि त्या माणसाला मी लहानपणी जवळून पाहिलेलं होतं.

माझ्या धाकट्या काकांना.

वाटणीनंतर अण्णा आणि काका दोघांना सात-सात एकर आलं. जमीन बांधाला बांध लागून, पाऊस एकच, पण काकांचं नशीब जरा आडवं. ऐंशीच्या दशकात त्यांनी विहिरीवर मोटार बसवायला कर्ज काढलं आणि विहिरीनं दगा दिला. एका उन्हाळ्यात वसुलीची जीप आली. मी नऊ-दहा वर्षांची असेन. जीप वेशीत दिसली तेव्हा गल्लीतल्या बायका तांब्याचे हंडे शेजारच्या घरांत लपवायला धावल्या. काकांची मोटार दोघांनी उचलून जीपमध्ये टाकली. काका ओट्यावर बसून होते आणि काकू आतून दार लावून. मोटारीच्या तळाचं ग्रीस अंगणात सांडलं, त्याचा काळा डाग पुढं दोन पावसाळे टिकला. आम्ही पोरं लंगडी खेळताना त्या डागावर पाय द्यायचो नाही. कुणी तसं सांगितलं नव्हतं.

अण्णांच्या मनात ती जीप कायमची घुसली. त्यांचंही कर्ज थकत आलेलं. १९८९ च्या पोळ्यानंतर ते आईच्या पाटल्या घेऊन बार्शीला गेले आणि सप्टेंबरमध्ये सहा हजार आठशे भरून मोकळे झाले. आईच्या हातात फक्त काचेच्या बांगड्या राहिल्या. पुढच्या वर्षी केंद्र सरकारची माफी आली, दहा हजारांपर्यंतची. अट अशी, की २ ऑक्टोबर १९८९ रोजी कर्ज थकलेलं असलं पाहिजे. अण्णांनी भरलं होतं त्याच्या अवघे तीन आठवडे आधी. काका सुटले. संध्याकाळी ते पेढे घेऊन आमच्याकडे आले. ओट्यावरच उभे राहिले, आत यायला कचरत होते. आईनं पुढं होऊन पेढा घेतला, अर्धा आम्हा भावंडांना दिला आणि उरलेला अर्धा देवापुढं ठेवला. दुसऱ्या दिवशी तो अर्धा पेढा तसाच होता, मुंग्या लागलेला. आईनं तो खाल्ला नाही आणि टाकलाही नाही, मुंग्यांनीच संपवला.

त्या वेळी मला वाटलं, आमच्यावर अन्याय झाला. अजूनही तसं वाटायचं पूर्ण थांबलेलं नाही. पण पुढं काय झालं, तेही मला सांगितलं पाहिजे. काकांचं खातं मोकळं झालं म्हणून त्यांना नवं कर्ज मिळालं. त्यातून बोअर घेतलं, पाणी लागलं. आई स्वतः हळदीकुंकू घेऊन त्या पाण्याची पूजा करायला गेली. नंतरची बारा-तेरा वर्षं काकांचा एकही हप्ता चुकला नाही. माफीनं माणूस बिघडतो म्हणणाऱ्यांना मी काका दाखवू शकते. २००३ मध्ये माझं लग्न ठरलं तेव्हा काकांनी माझ्यासाठी पाटल्या केल्या, बारीक, पण सोन्याच्या. देताना त्यांनी त्या माझ्या हातात न देता आईच्या हातात दिल्या. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. आईनं त्या क्षणभर स्वतःच्या मनगटाशी धरल्या आणि मग मला घातल्या. त्यावर कधी कुणी बोललं नाही.

आणि त्याच घरात दुसरंही उदाहरण आहे. काकांच्या मुलानं, माझ्या चुलतभावानं, २००८ ची केंद्राची माफी पाहिली. दोन हेक्टरांच्या आतल्यांचं सगळं माफ, वरच्यांना पंचाहत्तर टक्के भरले तर पंचवीस टक्क्यांची सूट. आमच्याकडं सात एकर म्हणजे दोन हेक्टरांच्या वर. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरडवाहू सात एकरांतून काय निघतं, हे ज्यानं ती रेघ ओढली त्यानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. पंचाहत्तर टक्के आणायचे कुठून? चुलतभावानं सरळ भरणं सोडून दिलं. पुढं २०१२ पासून मधूनमधून दुष्काळाची वर्षं येत राहिली, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि न भरण्याला कारणही मिळालं. २०१७ मध्ये पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी १ जूनपासून संप केला, राज्यानं दीड लाखापर्यंतची माफी जाहीर केली, नवरा-बायकोनं मिळून केंद्रावर अंगठे द्यायचे, अर्ज भरायचे. चुलतभाऊ आणि वहिनी चार वेळा हेलपाटे घालून आले आणि सुटले. मग २०१९ ची दोन लाखांपर्यंतची माफी आली. तिला अर्ज नव्हता, नुसतं आधार. तेव्हाही त्यांचं खातं थकलेलंच होतं. या वेळी कारण नुसतं दुष्काळाचं नव्हतं. गोठ्याच्या जागी सिमेंटची खोली झाली होती. पोराला पहिली मोटारसायकल त्याच सुमारास आली.

नियमानं भरणाऱ्यांना दोन्ही वेळा प्रोत्साहन मिळालं. २०१७ च्या योजनेत पंचवीस हजारांपर्यंत आणि नंतरच्या योजनेत, प्रत्यक्षात २०२२ मध्ये, पन्नास हजारांपर्यंत. अण्णांच्या खात्यावर पैसे आले तेव्हा त्यांनी ते आठ दिवस काढलेच नाहीत. फोनवर मला म्हणाले, "घेतलेलं परत दिलं, त्याचं बक्षीस कशाचं?" मी त्यांना समजावलं, तुमच्यावरचा अन्याय भरून काढतायत. ते म्हणाले, "मला कुणी अन्याय केला न्हवता. आता केल्यावाणी वाटतंय." त्या पैशातून त्यांनी गोठ्याचे पत्रे बदलले.

या वाक्याशी मी पुष्कळ झगडले आहे. एरवी माफीच्या विरोधात जे बोललं जातं त्यात माणूस आळशी होईल, लबाड होईल, अशी भीती असते. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर ऊर्जित पटेल यांनी प्रामाणिक पतसंस्कृतीला धक्का बसतो असं सांगितलं, तेव्हा आमच्या ऑफिसात सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. पण अण्णांच्या बाबतीत बिघडलं ते वेगळंच. त्यांची सवय मोडली नाही, ते भरतच राहिले. फक्त पूर्वी भरून घरी येताना त्यांच्या चालण्यात जे असायचं, ते गेलं. पावती दाराच्या वरच्या फळीवर ठेवताना ते आम्हाला हाक मारून दाखवायचे. आता घडी घालून खिशात ठेवतात.

आता माझं स्वतःचं सांगते. प्रशिक्षण केंद्रात आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, मोरल हॅझर्ड. विमा उतरवलेल्या गोदामाला माणूस कुलूप लावायला विसरतो, म्हणजे नुकसान दुसरा सोसणार असं कळलं की माणूस बेफिकीर होतो. मला ती कल्पना फार पटली होती. माझ्या डोळ्यांपुढं लगेच काका आणि आईच्या पाटल्या उभ्या राहिल्या होत्या. त्या रागाला एक शास्त्रीय नाव मिळाल्यासारखं झालं. पुढं कित्येक टिपणांत मी तो शब्द वापरला.

एक टिपण मला विसरता येत नाही. एक बाई यायच्या. नवऱ्यानं कर्ज काढून रिक्षा घेतली होती, तो अपघातात गेला. मुद्दल एक्केचाळीस हजार राहिलं होतं, वर व्याज सतरा हजार. मुद्दल भरते, व्याज सोडा, एवढंच त्यांचं मागणं. तीनदा आल्या. येताना प्रत्येक वेळी नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला त्याच निळ्या पिशवीतून काढून माझ्यापुढं ठेवायच्या, जणू मी मागच्या वेळी पाहिलेलाच नाही. मी टिपणात लिहिलं, सवलत दिल्यास इतर कर्जदारांत चुकीचा संदेश जाईल. अर्ज नामंजूर झाला. त्यांनी रिक्षा विकून सगळं फेडलं, व्याजासकट. बाकी नसल्याचा दाखला घ्यायला आल्या तेव्हा मला म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही नीट बोलायच्या." मला त्या वेळी बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं आज अंगावर येतं.

त्याच तिमाहीत एका कंपनीचं खातं आमच्या टेबलावरून गेलं. अनेक बँकांचं मिळून कर्ज, दिवाळखोरीच्या कायद्याखाली निघालेला तोडगा. रुपयामागं सत्तावीस पैसे आले आणि बाकीच्यावर पाणी सोडलं. त्याला आमच्या भाषेत हेअरकट म्हणतात. तक्ता मी केला होता. त्याच्या बाजूनं दिलेली कारणं खोटी नव्हती: कारखाना बंद पडला तर सत्तावीस पैसेही येणार नाहीत, कामगारांचं काय, मालमत्तेची किंमत रोज घसरतेय. मी ती कारणं आजही खोडणार नाही. पण त्या खोलीत, तेवढ्या तासाभरात, संदेश हा शब्द कुणीही उच्चारला नाही. माझ्याही तोंडून तो निघाला नाही. सतरा हजारांच्या वेळी आठवलेली गोष्ट मला शेकडो कोटींच्या वेळी आठवली नाही, आणि मी ती मुद्दाम लपवली असंही नव्हतं. ती डोक्यात आलीच नाही.

नोकरी सोडण्यामागं बरीच कारणं होती. हे त्यातलं एक होतं, पण ते कुणाला सांगितलं नव्हतं.

पाडव्यानंतर पुण्याला आले तरी पोराचं ते सोसायटीतलं वाक्य मागं लागलं होतं, म्हणून वाचत बसले. आमच्या भागात ही चर्चा किती जुनी आहे! १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर जाऊन कर्जाचे कागद हिसकावून जाळले. रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. मग सरकारनं चौकशी बसवली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं त्यानं बंद केलं, आणि कागदावरचा आकडा तसाच न धरता मूळ घेतले किती, व्याज चढवलं किती, हे कोर्टानं तपासावं असं सांगितलं. तुरुंग काढून घेतला तर कुणी फेडणार नाही, हा धसका तेव्हाही होताच. आज कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात घालावं असं म्हणणारा कुणी मला भेटलेला नाही. म्हणजे परिणामांची भीती किती ठेवायची आणि किती काढायची, याची रेघ आपण आधीही सरकवलेली आहे, आणि सरकवल्यावर विसरून गेलो आहोत.

२००८ च्या माफीवर अर्थशास्त्रज्ञांनी पुढं बारकाईनं काम केलं. जिथं माफीचं प्रमाण जास्त तिथं नंतरची परतफेड ढासळली, आणि निवडणुकीच्या तोंडावर विशेष ढासळली, असं एका अभ्यासात निघालं. हे माझ्या चुलतभावाचं घर. पण दुसऱ्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. पाऊस गेल्यामुळं खरोखर अडचणीत सापडलेल्यांना माफी मिळाली, तेव्हा त्यांची पुढची परतफेड, अडचण नसताना माफी मिळालेल्यांपेक्षा चांगली होती. हे माझे काका. दोन्ही अभ्यास नोकरीत असतानाच माझ्या हाताखालून गेले होते. पहिल्यातले आकडे मी टिपणांत वापरले होते. दुसरा फक्त वाचला होता.

आता पाडव्याच्या संध्याकाळची गोष्ट, जी मी इतका वेळ मागं ठेवली.

गुढी उतरवली, गाठी पोरांना वाटल्या आणि मी मधल्या खोलीत कळशी ठेवायला गेले. तिथं छतापर्यंत सोयाबीनची पोती रचलेली होती. तो तेलकट, धुळकट वास खोलीभर. मोजली, अठ्ठावीस पोती. सोयाबीनचा हमीभाव त्या वर्षी ४,८९२ रुपये होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास भाव चाललेला, म्हणून अण्णांनी माल विकलाच नव्हता. मग कालचे एक लाख चौसष्ट हजार कुठून आले? मी विचारलं. अण्णा उघड्या अंगानं ओट्यावर बसले होते. त्यांनी लगेच सांगितलं, त्यात लपवण्यासारखं काही असेल असं त्यांना वाटतच नव्हतं. कृषी केंद्रवाल्याकडून घेतले. शेकडा एक. चार-पाच दिवसांत सोसायटीचं नवं कर्ज मंजूर होऊन खात्यावर येतं, ते काढायचं आणि त्याचे त्याला देऊन टाकायचे. "नवं-जुनं करतो की. सगळं गावच करतंय. धा-बारा वर्षं झाली."

नवं-जुनं हा शब्द मला ठाऊक होता. बँकेत आम्ही त्याला दुसरं नाव द्यायचो आणि ते करणाऱ्या खात्यावर लाल खूण मारायचो. जुनं कर्ज नव्या कर्जानं झाकायचं, खातं कागदावर निरोगी दिसतं, आत पोकळ असतं. ३१ मार्चच्या आत भरलं तर तीन लाखांपर्यंत पीककर्ज बिनव्याजी पडतं, म्हणून चार दिवसांसाठी सोळा-सतराशे मोजणं परवडतं. सचिवाला माहीत असतं, बँकेच्या शाखेला माहीत असतं, पैसे देणाऱ्याचा तर तो हंगामच. म्हणजे माझ्या अण्णांना, ज्यांच्या नोटा मोजण्याकडं मी डोळ्यांत पाणी आणून बघत होते त्यांना, दर मार्चला चार-पाच माणसं मिळून परिणामांतून सोडवत होती. कर्ज दहा-बारा वर्षं फिटलेलंच नव्हतं. दर वर्षी फक्त तारीख बदलत होती. आणि तो पोरगा, दारात उभा राहून बोलणारा, त्याला हे माहीत असणारच. तो अण्णांना भित्रा म्हणत नव्हता. तुमचं-आमचं एकच आहे, फक्त तुम्ही पावती फाडता, असं काहीतरी तो म्हणत असावा.

मला अण्णांचा राग आला नाही. आधार सुटल्यासारखं झालं. मी विचारलं, "मग भरता कशाला? त्याच्यासारखं सोडून द्यायचं." ते म्हणाले, "आगं, नोटा हातातनं जात्यात की. एक दिस तरी आपन कुणाचं काय लागत न्हाय, असं वाटतंय." एक दिवस. २९ मार्च ते २ एप्रिल धरले तर चार.

जूनमध्ये पुन्हा गेले. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला आणि सगळी गणितं मागं-पुढं झाली. लोक वाफशाची, म्हणजे रान पेरणीजोगं होण्याची, वाट बघत होते. एका सकाळी तोच पोरगा आला. त्याचं खातं थकलेलं, सोसायटी नवं कर्ज देणार नाही, आणि कृषी केंद्रवाल्यानं उधारी बंद केलेली. तो दारात न थांबता आत आला, खाली बसला आणि बराच वेळ म्हशीच्या दुधाबद्दल बोलला. अण्णांनी टोपी चढवली, "चल" म्हणाले. मीही गेले. दुकानात डीएपी खताची टंचाई होती. तेराशे पन्नासची गोणी मिळवायला सोबत दुसरं काहीतरी घ्या असं चाललेलं. चार गोण्या, तीन पिशव्या बियाणं. दुकानदारानं वही उघडली, नाव कुणाचं लिहू म्हणाला. अण्णा म्हणाले, "माझं." पोरानं दुसरीकडं पाहिलं. त्याच्या मानेवर घाम आला होता. गोण्या गाडीवर चढवताना त्यानं अण्णांना हात लावू दिला नाही.

परतताना मी म्हणाले, "अण्णा, तो हे पैसे देणार आहे का?" माझ्या आवाजात बँक होती, मला ऐकू आली. अण्णा म्हणाले, "न देईना. पेरायचं तर हाय. रान पडीक ठेवून त्याला शानपन शिकवू का?" मग थोडं चालून, "त्याच्या आज्यानं तुझ्या आईला पाटल्या दिल्या व्हत्या." एवढ्या वर्षांत त्या पाटल्यांचा उल्लेख मी पहिल्यांदा ऐकला. आणि त्या मला दिलेल्या नव्हत्या, आईला दिलेल्या होत्या, हे त्यांनाही तसंच वाटत आलं होतं.

सप्टेंबरच्या शेवटी आमच्या भागात पुरानं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. परंड्यात, भूममध्ये, सीनाकाठी, माणसं छपरांवर बसलेली, जनावरं दाव्याला बांधलेलीच वाहून गेलेली. आमचं गाव उंचावर, घर वाचलं. रान मात्र ओढ्याकाठचं. मी पोचले तेव्हा पाणी ओसरून आठवडा झाला होता. अण्णांचं आणि पोराचं, दोन्ही रानं सारखीच दिसत होती. कुठं बांध होता ते सांगता येत नव्हतं. सोयाबीन काळं पडून आडवं झालेलं, शेंगांतून मोड आलेले. कुजलेल्या सोयाबीनचा वास ज्यानं घेतलाय त्यालाच माहीत. तो कपड्यांत राहतो, पुण्याला येऊन धुतले तरी राहतो. चार गोण्या डीएपी त्याच चिखलात होतं, अण्णांच्या नावानं लिहिलेलं. ज्यानं भरलं होतं आणि ज्यानं भरलं नव्हतं, दोघं एकाच ठिकाणी उकिडवे बसून शेंगा चोळून बघत होते, एखादा दाणा शाबूत निघतो का म्हणून. पोरगा वयानं तीन पट लहान, पण बसण्याची ढब अगदी तीच, काकांचीही तीच होती.

ऑक्टोबरमध्ये सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. महिनाअखेरीला नागपुरात आंदोलन झालं आणि कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ च्या आत घेऊ असा शब्द आला. ३१ मार्च त्याच्या तीन महिने आधी येतो. गावात या तीन महिन्यांचीच चर्चा होती. मार्चमध्ये भरलं आणि जूनमध्ये माफ झालं तर? नाही भरलं आणि जूनमध्ये काहीच झालं नाही तर? १९८९ मध्ये तीन आठवडे होते. या वेळी तीन महिने होते.

दिवाळीनंतर एकदा, मी निघण्याच्या तयारीत असताना, अण्णा ओट्यावर येऊन बसले. मी पिशवी भरत होते. त्यांनी बराच वेळ काठीच्या टोकानं जमिनीवर रेघा ओढल्या. मग म्हणाले, "तू बँकेत व्हतीस. सांग मला. यंदा भरायचं का?"

पन्नास वर्षांत हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नसेल. मला उत्तर माहीत असायला हवं होतं. बावीस वर्षं मी लोकांना तेच उत्तर देत होते, छापील नोटिशीवर सही करून. मी म्हणाले, "अण्णा, मी भरते. माझ्याकडे आहेत. व्याज नको, व्यापारी नको, एकदाचं मोकळं करून टाकू."

"तू भरलंस तर ते मी भरल्यावाणी हुतंय का?"

मी पिशवीची चेन ओढत राहिले. समोरून पोरगा चालला होता, बरोबर म्हैस. त्यानं अण्णांकडं बघून हात वर केला. अण्णांनी काठी उचलून दाखवली. गाडीची वेळ झाली होती, तरी मी खाली बसले, त्यांच्या शेजारी, पायरीवर.